चळवळीचे दप्तर कुणाच्या ताब्यात? साध्या टेक्स्ट फाइलच्या बाजूने

जुन्या गावगाड्यात गावाची हद्द कुठून कुठे जाते हे महाराला तोंडपाठ असे. हद्दीचा तंटा निघाला की त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. पण हद्दीचा, जमिनीचा, साऱ्याचा कागद मात्र कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. माहिती एकाच्या डोक्यात आणि नोंद दुसऱ्याच्या हातात, अशी ही वाटणी होती. ज्याच्या हातात नोंद, त्याच्या हातात सत्ता. अक्षरशून्य शेतकऱ्याला कागदाच्या जोरावर कसे नाडले जाते, यावर जोतीराव फुल्यांनी म्हणूनच इतके लिहिले. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द करून तलाठी नेमले, तेव्हा त्यांनीही दप्तराच्याच मक्तेदारीवर घाव घातला.

मित्रांनो, आज आपण लिहिते-वाचते आहोत. आपल्यात पदवीधर आहेत, वकील आहेत, संगणक अभियंते आहेत. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत किती प्रकरणे हाताळली, त्यांपैकी किती अर्ज अजून प्रलंबित आहेत, कोणत्या अपिलाची मुदत कधी संपते, हे सांगणारा एक तरी कागद किंवा फाइल आपल्याकडे आहे का? बहुतेक ठिकाणी उत्तर असे येते : “ते सगळं दादांना माहीत आहे.” किंवा, “ग्रुपवर टाकलं होतं, शोधावं लागेल.”

म्हणजे माहिती पुन्हा डोक्यातच आहे. आणि नोंद? ती कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर आहे. वाटणी फारशी बदललेली नाही.

या लेखात मला एक अगदी साधी गोष्ट मांडायची आहे. कार्यकर्त्याने आपली कामे आणि टिपणे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवावीत. नोटपॅडमध्ये उघडते ती फाइल. ना रंग, ना चित्रे, ना लॉगिन. विषय किरकोळ वाटेल. पण चळवळीची आठवण कुणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न किरकोळ नाही.

व्हॉट्सॲप म्हणजे नोंद नव्हे

आपली सगळी संघटना व्हॉट्सॲपवर चालते. बैठकीची सूचना, एफआयआरचा फोटो, पीडित कुटुंबाचा फोन नंबर, निवेदनाचा मसुदा, सगळे तिथेच. निरोप द्यायला ते साधन उत्तम आहे, त्याला माझा आक्षेप नाही. पण निरोप आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोप पोहोचला की त्याचे काम संपते. नोंदीचे काम सहा महिन्यांनी सुरू होते, जेव्हा कुणीतरी विचारते : “तेव्हा नक्की काय ठरलं होतं?”

तेव्हा काय होते ते आपण सगळे जाणतो. तो निरोप शुभ सकाळ, वाढदिवस आणि फॉरवर्ड यांच्या ढिगाखाली गेलेला असतो. ज्याने पाठवला त्याचा फोन बदललेला असतो. बॅकअप घेतलेला नसतो. एखादा मतभेद होऊन माणूस ग्रुपमधून बाहेर पडला असेल तर त्याच्याबरोबर त्याच्याकडची प्रकरणेही जातात. गंमत म्हणजे व्हॉट्सॲपमधला संवाद बाहेर काढायचा ‘एक्स्पोर्ट चॅट’ हा पर्याय निवडला की हातात येते ती साधी टेक्स्ट फाइलच. म्हणजे शेवटी जपून ठेवायचे रूप तेच आहे. मग सुरुवातच तिथून का करू नये?

ॲप म्हणजे भाड्याची खोली

काही तरुण साथी म्हणतील, व्हॉट्सॲप नको तर चांगले नोट्सचे ॲप घेऊ. जरूर घ्या, पण आधी ही उदाहरणे पाहा. कामांची यादी ठेवणारे ‘वंडरलिस्ट’ हे लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. ‘एव्हरनोट’मध्ये लोकांनी वर्षानुवर्षे टिपणे साठवली, डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची मर्यादा घातली. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. याहू ग्रुप्सवर जगभरच्या चळवळींच्या चर्चा वर्षानुवर्षे झाल्या होत्या; डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने तिथला जुना मजकूर काढून टाकायला सुरुवात केली आणि वर्षभरात ती सेवाच संपवली.

यात कुणी आपल्याविरुद्ध कट केला असे नाही. कंपन्यांचा तो धंदा आहे. नफा नाही तिथे त्या थांबत नाहीत. पण मुद्दा असा की भाड्याच्या खोलीत आपण संसार मांडतो तेव्हा मालक कधीही कुलूप बदलू शकतो, हे धरूनच चालावे लागते. चळवळीचे दप्तर भाड्याच्या खोलीत ठेवायचे नसते.

मालकी पुरेशी नाही, वाचता आले पाहिजे

इथे एक धडा आपल्या मराठीनेच दिला आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही आपल्याकडच्या कितीतरी पुस्तिका, विशेषांक, पत्रके पेजमेकरमध्ये जुळवली गेली. अक्षरांसाठी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे फाँट. त्या फाइल कुणा कंपनीच्या सर्व्हरवर नव्हत्या. आपल्याच किंवा आपल्या डीटीपीवाल्याच्या संगणकात होत्या. पण आज त्या उघडून बघा. फाँट नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण त्या फाँटमध्ये मराठी अक्षरे दुसऱ्याच चिन्हांच्या जागी बसवलेली होती. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली आणि पुढे ते थांबले. म्हणजे फाइल आपल्या ताब्यात असूनही आपल्याला वाचता येत नाही. छापील प्रत उरली असेल तर नशीब.

म्हणून दोन कसोट्या लावायच्या. एक, फाइल आपल्या हातात आहे का? दोन, ती कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडते का? साधी टेक्स्ट फाइल या दोन्ही कसोट्यांना उतरते. अक्षरांना ठरावीक अंक देण्याचे ॲस्की हे प्रमाण १९६३ सालचे आहे आणि त्यात लिहिलेली फाइल आजही उघडते. देवनागरी त्यात नव्हती. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, आणि १९९२ साली केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी तयार केलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीने ती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवता येऊ लागली. आज तुमच्या फोनवरची मराठी बहुतेक याच पद्धतीने साठवली जाते. संगणकाच्या मुळाशी इतकी खोल गेलेली गोष्ट कुणा एका कंपनीच्या लहरीने बंद पडत नाही.

जागेचा हिशेबही करून पाहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. दोन हजार चिन्हांचे एक पान म्हणजे सुमारे ६ केबी. रोज एक पान लिहिले तरी वर्षाला साधारण २ एमबी, दहा वर्षांचे २२ एमबी. मोर्चाचा एखादा छोटा व्हिडिओ याहून मोठा असतो. दहा वर्षांचे काम जुन्यातल्या जुन्या पेनड्राइव्हवर मावते, आणि नेटवर्क नसलेल्या वस्तीतही उघडते.

प्रत्यक्षात करायचे कसे

फार तयारी लागत नाही. एक फोल्डर करा. त्यात तीन गोष्टी : ‘कामे’ नावाची एक फाइल, ‘प्रकरणे’ नावाचे एक फोल्डर आणि ‘बैठका’ नावाचे दुसरे फोल्डर. बस्स.

‘कामे’ या फाइलमध्ये एका ओळीत एकच काम लिहायचे. याची एक चांगली पद्धत जीना ट्रापानी या अमेरिकन लेखिकेने २००६ च्या सुमारास मांडली. ‘टुडू डॉट टीएक्सटी’ या नावाने ती ओळखली जाते. नियम मोजकेच आहेत. अगदी तातडीच्या कामाआधी कंसात अक्षर. कोणत्या विषयाचे काम, ते अधिक चिन्ह लावून. कुठे करायचे, ते ‘@’ लावून. मुदत असेल तर तारीख. काम झाले की ओळीच्या सुरुवातीला फुली. ओळ अशी दिसेल :

(अ) पहिले अपील लिहिणे +वसतिगृह @घरी मुदत:२०२५-०४-०४

आता शोध घेताना ‘+वसतिगृह’ टाकले की त्या विषयाची सगळी कामे समोर. ‘@तहसील’ टाकले की तहसील कार्यालयात गेल्यावर एकाच फेरीत काय काय उरकायचे ते समोर. एका फेरीचे एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी वाचते, हे ज्याने अशा फेऱ्या मारल्या आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

‘प्रकरणे’ फोल्डरमध्ये प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल. तिच्यात तारीखवार ओळी, नवी ओळ खाली :

२०२५-०२-०३ माहिती अधिकाराचा अर्ज दिला. पोच घेतली. आवक क्रमांक फोटोत आहे.
२०२५-०३-०५ तीस दिवस पूर्ण. उत्तर नाही.
२०२५-०३-१० पहिले अपील दाखल. पोच घेतली. पुढचे पाऊल : सुनावणीच्या पत्राची वाट, २५ तारखेला चौकशी.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी याव्यात : कधी, कुणी कुणाला काय सांगितले, कागदाचा आवक-जावक क्रमांक काय, आणि पुढचे पाऊल कोणते. ‘पुढचे पाऊल’ लिहिले नाही तर ती फक्त आठवण राहते, काम होत नाही.

काही बारीक पथ्ये आहेत. तारीख नेहमी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा. म्हणजे फाइल आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. इथे लेखात मराठी अंक छापले आहेत, पण फाइलमध्ये आकडे इंग्रजी ठेवा. मराठी आणि इंग्रजी अंक मिसळले की क्रम बिघडतो, शिवाय अनेक ॲपना मराठी अंकातली तारीख ओळखता येत नाही. शब्द ठरवून घ्या : ‘शिष्यवृत्ती’ म्हणायचे की ‘स्कॉलरशिप’, एकदा ठरले की सगळ्यांनी तोच लिहायचा, नाहीतर शोध अर्धवट लागतो. विंडोजचे जुने नोटपॅड वापरत असाल तर फाइल जतन करताना ‘यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतील. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये ते आपोआप होते. अँड्रॉइड फोनवर ‘मार्कर’ हे मुक्त ॲप अशा फाइल उघडते. ज्यांना टाइप करणे जड जाते त्यांनी कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलावे. मजकूर उमटतो, नंतर चुका दुरुस्त कराव्यात.

मुदत चुकली की न्याय चुकतो

“एवढे लिहीत बसायला वेळ कुठे आहे?” हा आक्षेप मला ठाऊक आहे. उलट प्रश्न असा आहे की न लिहिण्याची किंमत कोण मोजते?

माहिती अधिकार कायदा, २००५ घ्या. उत्तरासाठी ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पहिल्या अपिलासाठी ३० दिवस. त्याचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. दुसऱ्या अपिलासाठी ९० दिवस. एका अर्जाच्या चार तारखा. दहा अर्ज असतील तर चाळीस. हे डोक्यात राहत नाही, कुणाच्याही.

अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ आणि त्याखालचे १९९५ चे नियम घ्या. तपास पूर्ण करून दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल व्हायला हवे. तातडीची मदत सात दिवसांत मिळायला हवी. जिल्हा दक्षता व सनियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. या मुदती सरकारवर आहेत, पण त्या पाळल्या गेल्या नाहीत हे दाखवायचे तर आपल्याकडे तारखा लागतात. “फार उशीर झाला” असे म्हणणारा माणूस अधिकाऱ्याच्या टेबलासमोर रडणारा ठरतो. “एफआयआर अमुक तारखेचा, आज ७४ वा दिवस” असे म्हणणाऱ्यासमोर अधिकाऱ्याला फाइल काढावीच लागते.

मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने नोकरशाहीचे विश्लेषण करताना लेखी दस्तऐवज हा तिचा पाया असल्याचे सांगितले होते. कार्यालयात माणसे बदलतात, फाइल राहते, म्हणून कार्यालयाला आठवण असते. समोरच्या बाजूला अशी कधीही न विसरणारी यंत्रणा आणि आपल्या बाजूला एका दादाची स्मरणशक्ती. ही लढाई बरोबरीची होईल कशी?

काही आक्षेप

“वही काय वाईट आहे?” अजिबात नाही. वही ही कागदावरची टेक्स्ट फाइलच आहे. ती हॅक होत नाही, चार्ज करावी लागत नाही. ज्यांची वही नीट चालते त्यांनी ती सोडू नये. पण वहीत शोध घेता येत नाही आणि तिची दुसरी प्रत सहज होत नाही. पावसाळ्यात घरात पाणी शिरले की वही जाते. म्हणून दिवसभर वहीत लिहा, संध्याकाळी महत्त्वाच्या चार ओळी फाइलमध्ये उतरवा.

“ऑनलाइन शीट सगळ्यांना एकत्र वापरता येते, टेक्स्ट फाइल नाही.” हे खरे आहे. दहा जणांनी एकाच वेळी एकच फाइल लिहायची असेल तर साधी टेक्स्ट फाइल अडचणीची ठरते. मग तशी शीट वापरा, पण दर महिन्याला तिची ‘सीएसव्ही’ प्रत काढून ठेवा. सीएसव्ही हीसुद्धा साधी टेक्स्ट फाइलच असते. वर्गणीच्या हिशेबालाही हे लागू आहे. आणि प्रत्येक प्रकरणाचा एक जबाबदार नोंदकर्ता नेमला तर दहा जणांनी एकाच फाइलमध्ये लिहायची वेळही क्वचितच येते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : सुरक्षितता. साधी फाइल म्हणजे कुणीही उघडून वाचू शकेल अशी फाइल. आपल्या नोंदींत पीडितांची नावे असतात, साक्षीदारांचे पत्ते असतात. ते चुकीच्या हाती पडले तर माणसांच्या जिवावर बेतू शकते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा तर कायद्याने गुन्हा आहे. म्हणून नियम कडक हवा. फाइलमध्ये नाव लिहू नका, सांकेतिक क्रमांक लिहा. नाव आणि क्रमांक यांची जोडयादी वेगळी आणि एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवा. संवेदनशील फोल्डर ‘सेव्हन-झिप’सारख्या मुक्त प्रोग्रॅमने पासवर्ड लावून बंद करा. फोनला कुलूप ठेवा. हे न करता नोंदी ठेवणे म्हणजे नोंदी न ठेवण्यापेक्षा वाईट. मात्र आज हीच नावे आणि हेच पत्ते आपण अडीचशे जणांच्या ग्रुपवर बिनधास्त टाकतो, त्याचाही विचार करा.

आणि एक सावधगिरी तरुणांसाठी. पद्धत सजवणे हे काम नव्हे. आठवड्याला नवे ॲप, नवी रचना, नवे रंग, आणि अर्ज मात्र तसाच पडून, अशी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. साध्या फाइलचा एक फायदा हाही की तिच्यात सजवण्यासारखे काही नसते.

दप्तर पुढच्या हातात द्यायचे असते

बाबासाहेबांच्या १९५६ सालच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते अनेक वर्षे सरकारी ताब्यातल्या पेट्यांमध्ये पडून होती. पुढे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडांच्या रूपात प्रकाशित करायला सुरुवात केली आणि वसंत मून यांनी ते संपादनाचे काम आयुष्यभर निष्ठेने केले. काही प्रकरणे अपुरी होती, काही पाने सुटी होती. तरीही काम होऊ शकले, कारण कागद हाती आले आणि ते वाचता येत होते. ते उघडायला पासवर्ड किंवा बंद पडलेल्या कंपनीचा प्रोग्रॅम लागला नाही.

आपल्या नोंदी काही तेवढ्या मोलाच्या नाहीत. पण एखाद्या वस्तीतल्या पाणीपुरवठ्याच्या लढ्याची, एखाद्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या दोन वर्षांच्या पाठपुराव्याची नोंद दुसरे कुणी ठेवणार नाही. आपण ठेवली नाही तर पुढच्या कार्यकर्त्याला पहिल्या अर्जापासून सुरुवात करावी लागेल. दर पिढीला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे करणे यासारखा चळवळीचा दुसरा तोटा नाही.

यात संघटनेच्या लोकशाहीचाही प्रश्न आहे. ज्याच्या डोक्यात सगळी माहिती, तो नेता आपोआप अपरिहार्य होतो. त्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याला बदलता येत नाही. ‘दादांना माहीत आहे’ हे वाक्य कौतुकाचे वाटते, पण त्यातूनच नवा कुलकर्णी जन्माला येतो, भले तो आपल्यातलाच असो. नोंद सर्वांना वाचता येईल अशी असली तरच पदाधिकारी बदलले तरी काम थांबत नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन ठराव करावेत. पहिला : प्रत्येक प्रकरणाची एक टेक्स्ट फाइल आणि तिचा एक जबाबदार नोंदकर्ता असेल. दुसरा : दर रविवारी अर्धा तास ‘कामे’ फाइल एकत्र वाचली जाईल, झालेल्यांवर फुली पडेल आणि मुदती तपासल्या जातील. तिसरा : महिन्यातून एकदा सगळ्या फोल्डरची प्रत दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोन पेनड्राइव्हवर जाईल, आणि पद सोडणारा कार्यकर्ता हार-तुरे घेण्याआधी ते फोल्डर नव्या कार्यकर्त्याच्या हाती देईल.

यासाठी निधी लागत नाही, परवानगी लागत नाही, नवा फोन लागत नाही. येत्या रविवारी एक फोल्डर उघडा आणि सध्या हातात असलेल्या एका प्रकरणाची पहिली ओळ लिहा : तारीख, काय झाले, पुढचे पाऊल काय.